कवळीतल्या अकरा अळ्या

सकाळचे आठही वाजले नव्हते आणि लाँड्रीशेजारच्या रिकाम्या गाळ्यासमोरची रांग थेट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचली होती. रांगेतल्या प्रत्येकाचा एक हात गालावर. कुणाचा उजव्या, कुणाचा डाव्या. एका बसचालकाचे तर दोन्ही हात दोन्ही गालांवर होते, त्यामुळे त्याचा डबा बायकोला धरावा लागला होता. औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या खिडकीत उभ्या राहून ही गंमत बघत होत्या. त्यांच्याकडे त्या सकाळी एकही पेशंट नव्हता.

गाळ्यात धूरबाबा बसला होता. त्याच्यापुढे पाण्यानं भरलेली पसरट थाळी, थाळीच्या मधोमध छोट्या तिपाईवर तापून लाल झालेली लोखंडी चकती, आणि हातात उलटं नरसाळं. नरसाळ्याच्या टोकाला वीतभर नळी. पेशंटनं थाळीवर वाकायचं, नळी दुखऱ्या दाढेशी धरायची. बाबा चिमूटभर औषध चकतीवर टाकून वरून नरसाळं ठेवायचा. तडतड आवाज, भसाभस धूर, पेशंटच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. मग बाबानं नरसाळं उचललं की थाळीतल्या पाण्यात पांढऱ्या, वळलेल्या, टोकाला काळा ठिपका असलेल्या अळ्या तरंगताना दिसायच्या.

"पाच!" बाबा ओरडायचा. "पाच जणांचा संसार होता तुमच्या दाढेत. काळं दिसतंय ना, ते डोकं!"

"अगं बाई, हलतायत!" रांगेतून कुणीतरी किंचाळायचं.

हलायच्याच. बाबाचा गुडघा थाळीला टेकलेला असायचा.

"मी किड्याला मारत नाही," बाबा सांगायचा. "मारला की त्याची पोरंबाळं डूख धरतात. मी समजावतो. म्हणतो, बाबा रे, फार दिवस राहिलास दुसऱ्याच्या घरात, आता ऊठ. शहाणा किडा असेल तर पहिल्या धुरात उठतो. अडाणी असेल तर दोनदा यावं लागतं." आणि मग वरच्या खिडकीकडे बोट करून, "काही लोक दात उपटतात. घरात उंदीर झाला म्हणून घर पाडतात का कुणी?"

लोक खूश. एका म्हातारीनं तर आपल्या अळ्या रुमालात बांधून घरी नेल्या, सुनेला दाखवायला.

मी त्याच गल्लीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर. माझा धंदाच संशयाचा. व्यापारी छातीठोकपणे सांगतो, कापड अस्सल सुती आहे, धुतलं तरी आटायचं नाही. मी खिशातून भिंग काढतो, कापडावर ठेवतो आणि इंचात किती धागे बसतात ते मोजतो. व्यापाऱ्याचा चेहरा उतरतो. शहाणा म्हणून गल्लीत माझं नाव होतं आणि ते मला आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात या आवडीचा वाटा मोठा आहे.

माझी थोरली बहीण, ताई, त्याच कारखान्यात हातानं काजं करायची. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई पंधराची. तिनं सुई हातात घेतली ती मला वाढवण्यासाठी. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "एक पोर वाढवून झालं, पुरे. त्याचंच नाक अजून पुसतेय." कारखान्यातल्या सगळ्या बायका तिला ताईच म्हणायच्या, मालकीणबाईसुद्धा. तिच्या हातचं काज असं यायचं की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, भिंग लावूनही मला सांगता यायचं नाही. एक खोड मात्र होती. कात्री शेजारी असायची तरी धागा दातानं तोडायची.

लहानपणी ताईला मोठा ताप आला होता. गुडघे, घोटे सुजले होते. त्यातून ती उठली, पण हृदयाची एक झडप कायमची अधू झाली. तेव्हाच्या डॉक्टरांनी आईला एक चिठ्ठी लिहून दिली होती. आईनं ती ताईला दिली आणि ताईनं बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली. तिच्यात लिहिलं होतं: दोन्ही वेळ दात घासावेत, सहा महिन्यांनी दात तपासून घ्यावेत, दात किडल्यास दुखण्याची वाट न बघता उपचार करावा, आणि दात काढायचा झाल्यास आधी हृदयाचं सांगावं.

ती चिठ्ठी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पोट धरून हसलो होतो. "अगं, हृदयाच्या डॉक्टरनं दाताचं काय म्हणून सांगावं? हृदय कुठं, दात कुठं! उद्या डोळ्यांचा डॉक्टर म्हणेल, टाचा घासत जा."

ताईही हसली होती. "तू शहाणा, तुला माहीत," म्हणाली आणि चिठ्ठी परत बटणांखाली गेली. मांजर आडवं गेलं, पाल चुकचुकली, या सगळ्यावर मी हसायचो. त्या चिठ्ठीवरही त्यातलाच प्रकार समजून हसलो.

शाळा उघडायला सव्वा महिना होता आणि आमच्याकडे शर्टांचे डोंगर साचले होते, तेव्हा ताईची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. आधी थंड पाण्यानं, मग गरम चहानं, मग कशाशिवायही. गालात लवंग धरून ती काजं करत बसायची.

"ताई, वरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये," मी म्हणालो.

"मशीनच्या आवाजाची सवय आहे रे मला," ती म्हणाली, "पण ते तोंडात चालवतात त्याची भीती वाटते."

"बरं, मग ऑर्डर संपू दे. मी येतो बरोबर."

ऑर्डर संपू दे, हे मी म्हणालो. ती म्हणाली नव्हती.

चार दिवस तिनं काढले. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिलाईवाल्या बायका तिला धूरबाबाकडे घेऊन गेल्या. परत आली ती डोळे लाल करून, आणि रिकाम्या काडेपेटीत ओल्या कापसावर चार अळ्या घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवरच्या सगळ्या बायका ऐकत होत्या: ताईची दाढ दुखायची थांबली होती. दुखणं कमी झालं नव्हतं, अगदी थांबलं होतं. तिनं थंडगार पाणी पिऊन दाखवलं.

"आता बोल," मला म्हणाली. "लाव तुझं भिंग."

मी लावलं. चारही अळ्या एका मापाच्या, एकाच बाजूला वळलेल्या. पाय नाहीत, तोंड नाही. ज्याला बाबा डोकं म्हणत होता तो नुसता जळल्याचा डाग. टाचणीनं दाबली तर कट्कन तुटली आणि आतून फिकट हिरवी निघाली.

"ताई, ही अळी नव्हे. हा बीचा कोंब आहे."

"दाढेत कुठली बी पेरणार मी?"

"तेच बघायचंय," मी म्हणालो आणि इस्त्रीवाल्या काकांकडे गेलो.

इस्त्रीवाले काका आमच्या कारखान्यातले सगळ्यात जुने. मधुमेहाचे पेशंट. आधी हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, काकांनी लक्ष दिलं नाही. साखर वाढली की हिरड्या बिघडायच्या आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरेना, असं काही वर्षं चाललं आणि एकेक करत सगळे दात गेले. आता वर-खाली पूर्ण कवळी होती. इतकी बेमालूम की गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

"काका, दाढ दुखते का तुमची?"

"कुठली रे? कपाटातली?" रात्री ते कवळी कपाटात वाटीत ठेवायचे. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "दुखते तर! फार दुखते. चल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका गालावर हात धरून रांगेत उभे राहिले. असे कण्हत होते की दोन माणसांनी आपली जागा दिली. बाबानं काकांचा गाल चाचपला आणि मान हलवली.

"वरची डावी दाढ. फार जुनं घर आहे. किती वर्षं सोसताय?"

"बाबा, जन्मापासून म्हणा," काका कण्हले.

"तोंड उघडू नका जास्त, किडे आत पळतात. नळी धरा."

तडतड झाली. धूर झाला. काका मनापासून खोकले. बाबानं नरसाळं उचललं, आणि पाण्याकडे बघून त्याच्याच तोंडून शीळ निघाली. "अकरा! आजवरचा उच्चांक! आता कसं वाटतंय?"

"हलकं," काका म्हणाले. "पण बाबा, अजून दोन-चार राहिल्यासारख्या वाटतात. असं करा, मला कामावर जायचंय. ही ठेवून घ्या, सावकाश काढा." आणि त्यांनी वरची कवळी काढून बाबाच्या तळहातावर ठेवली. पाठोपाठ खालची.

आधी बसचालक हसला. गालांवरचे दोन्ही हात सोडून, दुखत असताना हसला, आणि मग सगळी रांग.

बाबा पण कसलेला. कवळीकडे निरखून बघत म्हणाला, "ज्यानं ही कवळी केली, त्याच्या हातात किडा होता."

पण तोवर मी त्याची औषधाची पुरचुंडी उचलली होती. आत वांग्याच्या बियांसारख्या चपट्या, बारीक बिया होत्या. मी चिमूटभर बिया चकतीवर टाकल्या, वर नरसाळं ठेवलं, आणि नळी हवेत तशीच सोडली. कुणाच्या तोंडात नाही, कुणाच्या गालाजवळ नाही. तडतड. धूर. नरसाळं उचललं. नऊ अळ्या.

"या कुणाच्या दाढेतल्या?" मी विचारलं. "रस्त्याच्या? तापलेल्या चकतीवर बी फुटते, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. टोक जळतं, ते डोकं. पाण्यात फुगतो, ती अळी. आणि या धुरानं हिरड्या घटकाभर बधिर होतात, म्हणून बरं वाटतं. तुमचा दात आहे तिथं आहे, त्यातली कीड आहे तिथं आहे. ती अळीसारखी दिसतच नाही. ती तोंडातल्या जंतूंनी दाताला पाडलेली भोकं असतात."

मी चांगलं बोललो. लोकांनी भिंगासाठी हात पुढं केले आणि मी एकेकाला अळी तोडून दाखवू लागलो. रुमालवाली म्हातारी मात्र आपल्या अळ्यांचं काय करावं या विचारात उभी राहिली. चार वाजेपर्यंत गाळा रिकामा झाला. तिपाईसुद्धा शिल्लक नव्हती.

त्या गोंधळात डॉक्टरीणबाई खिडकीतून ओरडत होत्या, ते मला आजही ऐकू येतं. "दुखतंय त्यांनी वर या! आणि ज्यांचं दुखायचं आपोआप थांबलंय, त्यांनी आधी या हो! आधी या!" पाच-सहा जण गेले. बाकीचे माझ्याभोवती होते. मी बसचालकाला भिंग कसं धरायचं ते शिकवत होतो.

ताई माझ्या शेजारी उभी होती. तिला माझा अभिमान वाटत होता, दिसत होतं. तरी तिनं विचारलं, "अळ्या खोट्या, ते कळलं. पण माझं दुखणं गेलं, ते तर खरं ना?"

"गेलं ना? मग झालं तर."

"बाई म्हणतायत, थांबलेल्यांनी पण यावं. जाऊन येऊ का वर?"

"आता कशाला? बरी दाढ कोरून घ्यायची हौस आहे का? आठशे शर्टांची काजं राहिलीत अजून."

ताईनं एकदा खिडकीकडे बघितलं आणि माझ्याबरोबर कामावर आली.

ऑर्डर वेळेवर गेली. मालकीणबाईंनी सगळ्यांना दोन दिवस सुट्टी दिली. ताई ते दोन्ही दिवस झोपून होती. थकवा, आम्ही म्हणालो. मग संध्याकाळी अंग तापायला लागलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप गेला. गोळ्या संपल्या, ताप आला. त्यांना आम्ही ना लहानपणच्या आजाराचं सांगितलं, ना दाढेचं. दुखत नसलेल्या दाढेचं कोण सांगतं? असा दीड महिना गेला. ताईचा ब्लाऊज खांद्यांवरून ओघळायला लागला, तेव्हा तिनं स्वतःच तो आत घेतला आणि म्हणाली, "बघ, बारीक व्हायला लोक केवढा व्यायाम करतात."

आणि तिची बोटं दुखायला लागली. टोकांवर लाल, दुखरे ठिपके. नखांखाली बारीक काळपट रेघा.

"सुई फार टोचायला लागलीय रे," ती म्हणाली. "डोळे गेले वाटतं माझे."

मी तिला चष्मेवाल्याकडे घेऊन गेलो. नंबर थोडा वाढला होता. बारीक दांड्यांचा, निळसर चष्मा केला. तो लावून ती आरशात बघून हसली. "मास्तरीण दिसते ना?" ठिपके मात्र वाढत गेले. शिवणाऱ्या बाईच्या बोटावर ठिपका, याकडे आमच्याकडे कोण बघतं? मुंगी चावली तर निदान माणूस खाजवतो, सुई टोचली तर तेवढंही करत नाही.

एका दुपारी कारखान्याचा जिना चढताना ताई मधल्याच पायरीवर बसली. तिला श्वास पुरत नव्हता. मी आणि काकांनी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टर वयानं ताईएवढ्याच होत्या. हळू बोलायच्या. त्यांनी ताईच्या छातीला बराच वेळ नळी लावली, मग तिचे हात हातात घेतले.

"या कशाच्या खुणा?"

"सुईच्या," मी सांगितलं. "काजं करते ती. टोचतेच."

"शिवताना सुई कुठल्या हातात धरतात?"

"उजव्या."

"मग टोचते कुठल्या हाताला?"

"डाव्या," म्हणालो आणि तिचे हात नीट बघितले. ताईच्या उजव्या हाताच्या पाचही बोटांवर ठिपके होते. मधल्या बोटावर तर ती अंगुस्तान घालायची. धातूच्या त्या टोपीतून सुई आत जाणं शक्यच नाही. तीस वर्षं शिवणकामात गेलेला मी माणूस. कुठल्या हाताला सुई टोचते, हे मला एका परक्या बाईनं विचारावं लागलं.

डॉक्टरांनी ताईच्या पायांवरची चादर वर केली. पायांच्या बोटांवरही तसेच ठिपके होते.

"पायांना कशी टोचली असेल?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्यांना मला समजावायचं होतं. "या सुईच्या खुणा नाहीत. आतून आलेल्या आहेत. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का यांना? आणि अलीकडे दात दुखला होता?"

"दुखायचा," ताई उशीवरून म्हणाली. "आता नाही दुखत. कधीचाच थांबला."

डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला सांगून आत उजेड टाकला. खालच्या दाढेशेजारी, हिरडीवर, एक पांढरट पुटकुळी होती. त्यांनी हलकेच दाबली तर पू आला. ताईला दुखलंही नाही.

नंतर बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला सगळं सांगितलं. दाताच्या आत नस असते. कीड तिच्यापर्यंत पोचली की माणूस तळमळतो. मग एक दिवस नस मरते, आणि दुखणं एका रात्रीत थांबतं. माणसाला वाटतं, बरा झालो. कीड मात्र मुळाशी उतरते, पू धरते. मग प्रत्येक घासाला, प्रत्येक चावण्याला, तिथले जंतू थोडे थोडे रक्तात जातात. धडधाकट हृदयातून ते वाहून जातात, शरीर त्यांचा निकाल लावतं. ताईच्या हृदयाची झडप आधीच खरबरीत झालेली होती. तिथं त्यांना बसायला जागा मिळाली. तिथं ते वाढले, झडप कुरतडली, आणि त्यांचे कण सुटून बोटांच्या टोकांपर्यंत जायला लागले.

"म्हणजे धुरानं नस मारली?" मी विचारलं.

"नाही. ती त्याच आठवड्यात मरणार होती. तो माणूस फक्त तेव्हा तिथं बसलेला होता."

"आणि तेव्हाच दातांच्या डॉक्टरांकडे नेलं असतं तर?"

खोटं सांगावं की काय, असा विचार त्यांनी केला असावा. "आधी औषधाचा एक डोस," म्हणाल्या, "आणि खुर्चीत तासभर."

मग मी त्यांना ती चिठ्ठी सांगितली. शब्दन् शब्द पाठ होती मला. ज्या गोष्टीची थट्टा करतो ती माणसाच्या लक्षात राहते. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला. कुणीतरी मला शिव्या द्यायला हव्या होत्या असं वाटत होतं.

ताईला शिरेतून औषधं सुरू झाली. ताप उतरला, दोन-तीन दिवस तिचा चेहरा जरा खुलला. झडपेचं ऑपरेशन करायचं चाललं होतं. एका दुपारी मी तिला सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीचं, दाढेचं, माझं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "काकांच्या कवळीतून किती निघाल्या होत्या रे?"

"अकरा."

"बारावी माझ्याकडे होती बघ. तुझ्या भिंगात नाही आली." मी रडायला लागलो तेव्हा तिनं तो दुखरा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "नाक पूस," म्हणाली.

नवव्या दिवशी सकाळी हृदयातला एक कण मेंदूत गेला. मी चहा घेऊन आलो तेव्हा तिची वाचा गेली होती. माझ्याकडे बघत होती, ओळखत होती असं मी धरून चालतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली. हॉस्पिटलातल्या नर्सनं तिचा चष्मा डबीत घालून मला परत दिला. जेमतेम तीन आठवडे वापरलेला होता.

आता आमच्या कारखान्यात प्रत्येक मशीनला दोरीनं छोटी कात्री बांधलेली आहे. दातानं धागा तोडलेला मला चालत नाही. बायका मला खडूस म्हणतात, म्हणू देत. मोरीपाशी प्रत्येकाच्या नावाचा ब्रश आहे, जेवणानंतर सगळे रांगेनं चूळ भरतात. वर्षातून दोनदा डॉक्टरीणबाई खाली येतात आणि मालकीणबाईंपासून इस्त्रीवाल्यांपर्यंत सगळ्यांची तोंडं तपासतात. काका कवळी काढून सगळ्यांत पुढं बसतात. त्यांच्या हिरड्यासुद्धा बाई तपासतात. ताईची चिठ्ठी मी मोठ्या अक्षरांत लिहून कटिंगच्या टेबलावर लावली आहे. खाली माझी एक ओळ वाढवली आहे: मधुमेह असेल, हृदय अधू असेल, पोटात मूल असेल, तर दात आधी दाखवा.

अजून कुठं काही चमत्कार झाला की लोक मला बोलवायला येतात. "मास्तर, भिंग घेऊन चला." मी जातो. खोट्या अळ्या अजूनही निघतात, कधी कानातून, कधी डोळ्यातून. त्या पकडायला फार अक्कल लागत नाही. पण खेळ उघडा पडला, लोक हसले, टाळ्या वाजल्या की मी आता लगेच घरी येत नाही. ज्याला बरं वाटलं होतं त्या माणसाला मी शोधून काढतो आणि विचारतो, तुम्हाला का बरं वाटलं? काय दुखत होतं आणि ते थांबलं कसं? आणि उत्तर माझ्याकडे नसेल, बहुतेक नसतंच, तर ज्याला ते ठाऊक आहे त्याच्याकडे मी त्या माणसाला स्वतः घेऊन जातो.

तुम्हीही एवढं करा. बाबाला पकडलंत तर चांगलंच, पण तिथं थांबू नका. दुखणं का सुरू झालं हे सगळेच विचारतात. ते का थांबलं, हेही विचारा. दात दुखायच्या आधी दाखवा, दुखायचा थांबला तर धावत जाऊन दाखवा. त्यासाठी ना धूर लागतो, ना भिंग. फक्त वरच्या मजल्यावर जावं लागतं. आमच्या औषधाच्या दुकानावर जायला बावीस पायऱ्या आहेत. मी मोजल्यात. त्या दिवशी ताई त्या चढायला निघाली होती आणि मी तिला अडवलं.